आमच्या दवाखान्यात सगळे गुडघ्यांसाठीच येतात

जिथे येणाऱ्या कुणाच्याच काही लक्षात राहत नाही, तिथे काम करणाऱ्याच्या डोक्यात किस्से किती साठत असतील! पेशंट विसरून जातात. नातेवाइकांना विसरायचंच असतं. डॉक्टर मॅडमसमोर पुढचा पेशंट बसलेला असतो. उरते कोण? मी! मग घरी आईला सांग, मैत्रिणींच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाक, तरी शिल्लक राहतातच. त्यातले थोडे आज तुमच्या डोक्यावर.

आधी माझी ओळख. मी शीतल. सायकॉलॉजीत एम.ए. आणि स्वभावाने भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. कॉलेजात जो जो आजार शिकवला, तो त्या त्या आठवड्यात मला झालेला आहे. अशा मुलीला नोकरी लागली कुठे, तर कर्जतला, स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यात! खाली मेडिकलचं दुकान, वर आम्ही. मॅडम पनवेलहून येतात, शनिवारी हेच दुकान खालापूरला लावतात. माझं काम पहिली चाचणी घ्यायचं. आज वार कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून दाखवा, वगैरे.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी ती पोटात ठेवून ऐकत होते. त्याच दिवसांत माझे बाबा विसरायला लागले होते.

बाबा भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले. उभी नोकरी कंट्रोल पॅनलसमोर. कुठला काटा कधी किती हलला होता ते वर्षांनंतरही सांगणारा माणूस. तो माणूस कपातला शेवटचा घोट संपवून म्हणायला लागला, "आज चहा नाय का गं?" दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडली. शेजाऱ्यांचं नाव ओठावर येऊन अडकायचं. आई हसायची. मला हसू यायचं नाही, कारण मला त्याचं इंग्रजी नाव माहीत होतं.

"बाबा, एकदा आमच्या मॅडमना दाखवू या ना."

"डोक्याच्या डॉक्टरला? मी? अगं, सबंध कॉलनीची लाईट मी सांभाळली. माझं डोकं ट्रिप व्हायचं नाय!"

विषय बंद.

* * *

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी पेशंटना विचारलं, "काय त्रास होतो?"

पहिले आजोबा म्हणाले, "गुडघे."

दुसऱ्या आजी म्हणाल्या, "गुडघे गं बाय."

तिसऱ्यांनी तर विचारायच्या आधीच गुडघा पुढे केला!

मी घाबरून आत गेले. "मॅडम, बहुतेक सगळे चुकीच्या दवाखान्यात आलेत."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाही गं. बरोबर आलेत. गावात सांगताना गुडघे सांगून निघालेत, तेच इथपर्यंत आलेत."

डोक्याच्या डॉक्टरकडे जाताना कुणी बघितलं तर घरातल्या मुलीचं लग्न अडतं, अशी इकडे पक्की समजूत. म्हणून कर्जत-खालापुरातल्या सगळ्या स्मृतिभ्रंशाचे गुडघे दुखतात.

कहर म्हणजे पोशीरचे एक काका खरंच गुडघ्यांसाठी आले. खाली गर्दी बघून वर चढले बिचारे. मी वार विचारला, तीन शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं. काकांनी एकही प्रश्न न विचारता सगळं करून दाखवलं. मॅडमनी "तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे" असं सांगून पाठवलं, तेव्हा दारात थांबून बाकीच्यांना म्हणाले,

"गुडघ्याला हात नाय लावला बाईनं. पण डोकं एकदम ओक्के हाय म्हणाली! जा, जा, तुमी पण जा!"

* * *

एक आजी आल्या. सोबत मुलगा. मी शब्द दिले, "आंबा, कुलूप, होडी." थोड्या वेळाने विचारलं, "आजी, मघाशी मी कोणते तीन शब्द सांगितले होते?"

आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुजे शब्द तू सांभाळ की! मला कोंबड्या सांभाळायच्या, सून सांभाळायची, त्यात आनी तुजे तीन?"

मुलगा हसून हसून लाल. मीही. आत येऊन मॅडमना अगदी अभिनयासकट सांगितलं. मॅडम हसल्या, पण अर्ध्याच.

"शब्द आठवले का पण?"

नव्हते आठवले. एकही.

मॅडम म्हणाल्या, "अल्झायमर असाच सुरू होतो. लहानपणचा पूर आठवतो, सकाळची भाकरी आठवत नाही. जुनं जागेवर असतं, नवीन आत शिरतच नाही. आणि माणूस मुळात हजरजबाबी असला ना, की त्या जागी एक विनोद ठेवून देतो. घरच्यांना वर्ष-दोन वर्षं पत्ता लागत नाही."

माझं हसू तिथेच थांबलं. आमच्या घरात सगळ्यात विनोदी माणूस कोण, तर बाबा.

* * *

आता माझ्या फजितीचा किस्सा. खालापूरचा शनिवार. एक काका, हातांना बारीक थरथर, चालणं अगदी हळू. घरच्यांनी आधी अंगारे-धुपारे केले होते, कारण काकांना घरात माणसं दिसायची. कधी अंगणात शाळेची मुलं, कधी पलंगावर मांजर. घरात मांजर नव्हतंच.

मॅडमनी मला सगळं पढवून ठेवलं होतं. लुई बॉडी म्हणून स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असतो, त्यात असं दिसतं. त्यांना ते अगदी खरं दिसतं, म्हणून "तिथे कुणी नाहीये!" असं भांडायचं नाही. "हो हो, मलाही दिसतंय" असंही म्हणायचं नाही. घाबरायचं तर अजिबात नाही. शांतपणे विचारायचं, त्रास होतोय का. आणि घरच्यांना बजावायचं, झोपेच्या-शांत करायच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत, या लोकांना त्या भलत्याच बाधतात.

काका चाचणीच्या मध्येच थांबले. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "ती बाई कवाची उभी हाय."

कुकरच्या शिट्टीला दचकणारी मी. पण मी हलले नाही! ट्रेनिंग म्हणजे ट्रेनिंग. तोंडावर हसू ठेवून म्हणाले, "असू दे ना काका. तुम्हाला काही त्रास तर देत नाही ना ती?"

मागून मॅडमचा आवाज आला, "मी नाही गं त्रास देत. पण मघाची फाईल दे ना मला."

मी किंचाळले. पुढचा पेशंट जिन्यातून परत खाली गेला. काका मात्र शांत होते. मला म्हणाले, "घाबरायचं नाय. मला पण पयल्यांदा असंच झालेलं!"

* * *

खालापुरातल्या एका कापडवाल्या शेठची गोष्ट. वय फार नाही, पन्नाशीतले. आयुष्यभर गोड बोलून दुकान चालवलं. आणि एकाएकी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला लागले, "हे घेऊ नका, एका धुण्यात विटेल." "हा रंग तुमाला शोभत नाय." वर पेढ्यांचा पुडा एकटेच संपवायचे आणि कुणाच्याही ताटातली जिलेबी उचलून तोंडात टाकायचे.

मुलगा वैतागून घेऊन आला. मी विचारलं, "घरच्यांना काय वाटलं सुरुवातीला?"

"आईला वाटलं, सत्संगाचा गुण आला!"

मॅडमनी स्कॅन करायला पाठवलं. मेंदूचा पुढचा भाग आकसत चाललेला. या प्रकारात आठवण शाबूत असते, हिशेब येतो, पण मनातलं आणि तोंडातलं यांच्यामधला दरवाजा सताड उघडा पडतो. लोकांना वाटतं माणूस बिघडला. घरात भांडणं होतात. आजार आहे हे कळल्यावर त्या मुलाचा चेहराच बदलला. "म्हणजे पप्पा मुद्दाम नाय करत?" असं दोनदा विचारलं त्याने.

ठरलं असं, की शेठनी गल्ल्यावर बसायचं नाही, आत कापडाच्या घड्या घालायच्या. हाताला काम हवंच.

महिन्याने मुलगा आला. मी म्हटलं, "दुकान कसंय?"

"बसलं की हो! आता गिऱ्हाईक येतं आनी विचारतं, खरं सांगणारे शेठ कुठं गेले?"

* * *

आणि आमचे कंडक्टर आजोबा. एस.टी.तून रिटायर होऊन जमाना झाला. अल्झायमर बराच पुढे गेलेला. संध्याकाळ झाली की "ड्युटी हाय" म्हणून दाराकडे धावायचे. घरच्यांनी कडी लावली, आरडाओरडा, रोजची झटापट. सून रडकुंडीला येऊन मॅडमकडे आली.

मॅडमनी सांगितलं, "त्यांना आजच्या तारखेत ओढून आणू नका. तुम्हीच त्यांच्या गाडीत चढा."

सुनेने शब्दशः घेतलं! संध्याकाळी दिवे लावायच्या आधी हॉलमधल्या खुर्च्या एकामागे एक. आजोबांच्या खांद्यावर जुनी कातडी बॅग. सगळे बसले की आजोबा दोरी ओढल्यासारखा हात करायचे, तोंडाने डबल बेल द्यायचे, गाडी खालापूरला सुटायची. "पुढं सरका, पुढं सरका!" अर्ध्या तासात गाडी पोचली, की आजोबा खुश होऊन जेवायला बसायचे. कडी नको, झटापट नको.

पुढच्या भेटीत सून हसतच आली. "मॅडम, परवा आमच्या आत्याबाई आल्या. सासूबाईंची नणंद. आल्या की माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार. दारातून आत पाय टाकणार तोच आजोबांनी हात आडवा केला. 'गाडी फुल्ल हाय. मागची धरा!'"

"मग?"

"गेल्या! खरंच गेल्या!" मग जरा पुढे वाकून, हळूच, "मॅडम, बाकी काय औषध द्यायचं ते द्या. एवढं मात्र बरं करू नका."

* * *

आता घरचं.

बाबा दवाखान्यात यायला तयार नाहीत, म्हणून मी दवाखाना घरी न्यायचं ठरवलं. गुपचूप! सकाळी पेपर वाचता वाचता सहज विचारायचं, "बाबा, आज वार कोणता हो?" भाजी निवडताना, "बाबा, आंबा, कुलूप, होडी. लक्षात ठेवा हं, गंमत आहे." आणि जेवताना, "मघाशी मी काय म्हटलं होतं?" एकदा तर "बाबा, आपण कुठल्या तालुक्यात राहतो?" असंही विचारून घेतलं.

बाबांची उत्तरं कधी बरोबर, कधी चूक. चूक आली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचे. बरोबर आली की वाटायचं, आजचा दिवस चांगला होता म्हणून आली असेल. आणि बाबा माझ्याकडे दिवसेंदिवस विचित्र बघायला लागले. मला ते लक्षणच वाटलं.

एका गुरुवारी मी टेबलावर फाईली लावत होते. जिन्यात ओळखीचा आवाज. मान वर करते तर बाबा! इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मागे आई. मी इतकी दचकले, की फाईली खाली. बाबा आले! स्वतःहून! माझे डोळेच भरून आले.

बाबा माझ्याकडे न बघता सरळ आत गेले आणि मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, जयभीम. माझी पोरगी तुमच्याकडं कामाला हाय. कसं सांगू... तिला रोज सकाळी वार आठवत नाय. मला विचारते. तेच तीन शब्द सारखी सारखी बोलते, आंबा, कुलूप, होडी. आनी परत मलाच विचारते, मी काय बोलले. परवा तर तालुका विसरली हो!" बाबांनी आवाज खाली आणला. "हिच्या लग्नाचं बघतोय. कुणाला बोललो नाय. रिक्षावाल्याला पण सांगितलं, पोरीचे गुडघे दुखतात."

मी दारात उभी. खाली फाईली पसरलेल्या. माझ्या चेहऱ्यावर जे काय होतं, त्याने बाबांची खात्रीच पटली असणार.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बरं झालं आणलंत. पण आमच्याकडे नियम आहे, आधी सोबत आलेल्याची चाचणी घ्यावी लागते."

"घ्या की! पोरीसाठी काय पण!"

* * *

त्या दिवशी कळलं, की आपल्या माणसाची चाचणी बघणं म्हणजे काय असतं.

"आज वार कोणता?" मॅडमनी विचारलं.

बाबांनी मान वळवून मागे बसलेल्या आईकडे बघितलं. आईने तोंड उघडलं, मॅडमनी बोट ओठावर ठेवलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं?" बाबा.

"तुम्ही मान वळवलीत, ते. उत्तरासाठी माणूस सोबतच्याकडे बघायला लागला, की आम्ही लिहून ठेवतो."

"मान वळवणं पण आजारात येतं?"

"लग्न झाल्यापासून वळवतायत, मॅडम," आई मागून म्हणाली. "त्यांना भूक लागली का, हे पण मलाच विचारतात."

घड्याळ काढायला दिलं. बाबांनी सुरेख गोल काढला, आकडे नेटके टाकले, आणि काटा काढला एकच. खाली लिहिलं, "नॉर्मल."

"दुसरा काटा?"

"मीटरला एकच असतो."

आई हसली. मॅडम हसल्या नाहीत.  तीन शब्दांपैकी आंबा सांगितला, बाकीचे गेले. पण ते तिन्ही तर मी घरी रोज घोकवून घेत होते, मग आंबा धरायचा का नाही, तेही मला कळेना.

मग मॅडमनी गोळ्यांची पिशवी मागितली. आईने पर्समधून काढून ओतली. शुगरची गोळी, कित्येक वर्षांची. आणि एक छोटी पिवळी.

"ही कसली?"

"सर्दीची. सकाळी शिंका येतात ना त्यांना. मेडिकलवाल्यानं दिलेली, बरं वाटलं, म्हनून चालू ठेवली."

"रोज?"

"सकाळ-रात्र. मागच्या पावसापासून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला ते चांगलं का वाईट तेही कळलं नाही. रक्त तपासायला पाठवलं, पनवेलला एम.आर.आय. सांगितला, आणि ती पिवळी गोळी त्याच दिवशी बंद केली.

* * *

रिपोर्ट आले तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. फोन वाजला, मी दचकले, फोन पिठात. मॅडमचा आवाज परातीतून येत होता.

"शीतल, एम.आर.आय. वयाला शोभेल असा आहे. आकसलेलं-बिकसलेलं काही नाही. थायरॉईडही ठीक. पण बी-ट्वेल्व्ह तळाला गेलंय. शुगरची ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की होतं असं काहींना. त्यात वर ती सर्दीची गोळी, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर झापड आणते. आपण इंजेक्शनं देऊ. सगळ्यांचं असं निघत नाही, हे तुलाही माहितीये. म्हणून तर आधी शोधायचं. मला वाटतं, बाबा बरेचसे परत येतील."

मी हंबरडा फोडला. आई धावत आली. "काय? काय निघालं?"

"बी-ट्वेल्व्ह, आई! बी-ट्वेल्व्ह!" मी पिठाच्या हातांनी तिला मिठी मारून रडतेय.

आई मटकन खाली बसली. पोरगी एवढी रडते म्हणजे शेवटच्या स्टेजचंच काहीतरी! तिला कळेपर्यंत तिनेही रडून घेतलं. मग कळल्यावर परत एकदा रडली. बाबा बाहेरून आले तर आम्ही दोघी पिठाने पांढऱ्या.

"भाकऱ्या नाय झाल्या का अजून?" बाबांनी विचारलं.

खरंच झाल्या नव्हत्या! प्रश्न बरोबर होता! मी परत रडले.

* * *

एकदम काही झालं नाही. इंजेक्शनं सुरू झाली, पिवळी गोळी पोटातून आणि घरातूनही गेली. आधी बाबांची दुपारची पेंग गेली. मग शेजाऱ्यांची नावं परत आली. दूध फ्रिजमध्ये राहायला लागलं. मी घरी प्रश्न विचारणं बंद केलं, म्हणजे मॅडमनीच तंबी दिली तशी. बाबा त्यावरही आईला म्हणाले, "पोरीत फरक पडतोय गं."

काही महिन्यांनी फेरतपासणी. पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा आई मागच्या खुर्चीत, मी दाराशी पदर पिळावा तशी ओढणी पिळत.

"आज वार कोणता?"

"गुरुवार." मान सरळ!

शब्द नवीन होते. तिन्ही आले. घड्याळ काढलं, तासकाटा, मिनिटकाटा, आणि वर सेकंदकाटासुद्धा. "चालू हाय, म्हनून दाखवला," म्हणाले. आई मागून कुरकुरली, "आता मला कायच विचारत नायत!"

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "छान. एकदम छान. सहा महिन्यांनी या."

तेव्हा कुठे मी ओढणी सोडली. पण बाबा उठेनात.

"मॅडम, माझं झालं. मी तर नुस्ता सोबत आलेलो. आता हिची घ्या."

"बाबा!"

"नियम म्हंजे नियम. आधी सोबतचा, मग पेशंट. तुमीच बोललेला ना?" बाबांनी उठून खुर्ची मला दिली आणि स्वतः मागे, आईच्या शेजारी जाऊन बसले.

मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "बस, शीतल."

मी बसले. हीच खुर्ची रोज समोरून बघते, तिच्यात कधी बसले नव्हते. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मी दिवसभर जो प्रश्न लोकांना विचारते तोच, त्याच सुरात विचारला.

"आज वार कोणता?"

मी मान वळवून बाबांकडे बघितलं.

बाबांनी मॅडमच्या पेनाकडे बोट केलं. "लिवा."